अंधाराची वर्गणी

‘अभिनंदन! आपला परिसर आता संपन्न परिसरांमध्ये गणला जात आहे.’

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या संगणकावर हे वाक्य उमटलं, तेव्हा माझ्यासमोर गिरिजावहिनी बाही वर करून बसली होती. तिचं रक्त तपासून झालं होतं, आवाजाचा नमुना घेऊन झाला होता, डावी पापणी किती मिटते आहे तेही मोजून झालं होतं. हे सगळे आकडे लेखात घालायचे आणि पुढच्या आठवड्याचा डोस विचारायचा, एवढंच काम उरलं होतं. पण लेख उघडलाच नाही. त्याच्या जागी हे अभिनंदन आलं, त्याखाली एक हसरा चेहरा आणि त्याच्याही खाली वर्गणीची रक्कम. ती बघून मी पडदा हळूच माझ्याकडे वळवून घेतला.

“काय म्हणतंय गं?” वहिनीने विचारलं.

“आपण श्रीमंत झालो म्हणतंय.”

“कधी?”

“काल झालो असू.”

“मग तुझ्या अण्णाला कळवायला पाहिजे. त्याला अजून पत्ता नसंल.”

वहिनी हसली, पण तिचं हसू एका बाजूलाच उमटलं. डावा गाल आता कुठे ऐकू लागला होता, आणि तोही सकाळी सकाळीच. मी तिला मागच्या आठवड्याचाच डोस चालू ठेवायला सांगितलं आणि घरी पाठवलं. मग पुढचे पेशंट थांबवून त्या हसऱ्या चेहऱ्याकडे नुसती बघत बसले. मला भयंकर राग आला होता.

बोरहट्टी हे जत तालुक्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीवरचं आमचं गाव. इथे उन्हाळ्यात टँकर येतो. इथलं ग्रामीण रुग्णालय म्हणजे वीस खाटा, दोन परिचारिका आणि मी, डॉक्टर नीलांबिका पट्टणशेट्टी. गावाला संपन्न म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल, हे मला काही केल्या कळेना.

‘लेख’ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. माझे प्राध्यापक शिकत होते तेव्हा संशोधनाचा लेख म्हणजे छापलेली पानं असायची. नियतकालिकाची वर्गणी परवडत नसली, तर परदेशातल्या एखाद्या मित्राला सांगायचं, तो गुपचूप पाठवून द्यायचा. वैद्यकाची निम्मी दुनिया त्या गुपचूपवरच शिकली. आता तसं चालत नाही. आताचा लेख हा कागद नसतो, ते एक चालतं गणित असतं. जगभरच्या रुग्णांचे आकडे, नावगाव पुसून, त्यात रोज मिसळत असतात आणि निष्कर्ष त्याप्रमाणे रोज थोडा थोडा बदलतो. तुम्ही तुमच्या रुग्णाचे आकडे घालायचे, लेख त्याला जुळणारे रुग्ण शोधतो आणि या माणसाला, या आठवड्यात, एवढं औषध असं सांगतो. असल्या लेखाची प्रत काढून मित्राला पाठवता येत नाही. पाठवली तरी ती त्या दिवसापुरतीच असते, आणि शिळ्या डोसचा उपयोग नाही.

गरीब भागातल्या दवाखान्यांसाठी प्रकाशकांनी मिळून एक सोय केली होती. आम्ही तिला ‘खिडकी’ म्हणायचो. खिडकीतून सगळे लेख फुकट उघडायचे. पूर्वी ही सवलत देशाप्रमाणे मिळायची आणि आपला देश मोठा, म्हणून त्यातून वगळलेला. बरीच आरडाओरड झाल्यावर त्यांनी देश सोडून जमीनच वाटून घेतली. पृथ्वीचे दोन-दोन किलोमीटरचे चौकोन पाडले आणि कुठला चौकोन गरीब ते ठरवायचं काम एका यंत्राकडे दिलं.

गिरिजावहिनीचा आजार विचित्र होता. नस स्नायूला हुकूम देते, आणि तो हुकूम स्नायू जिथे ऐकतो, नेमक्या त्या जागेवर शरीराचीच प्रतिकारशक्ती चाल करून जाते. आधी पापणी पडते, मग शब्द बोबडे होतात, मग घास घशात अडतो आणि शेवटी श्वास. औषध आहे, पण त्यात मेख अशी की औषध कमी पडलं तरी अशक्तपणा वाढतो आणि जास्त झालं तरी अशक्तपणाच वाढतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. त्यातून वहिनीच्या रक्तात सापडलेला प्रकार फारच दुर्मीळ. डोळ्यांनी बघून मला काहीच ठरवता येत नव्हतं. लेख ठरवत होता, दर मंगळवारी, आणि त्याच्या जोरावर वहिनी मऊ भातावरून भाकरीवर आली होती.

मिरजेच्या माझ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, “आमच्या कॉलेजकडे तो लेख नाही गं, इतका दुर्मीळ आजार कोण घेतो? श्वासाचा त्रास झाला तर ताबडतोब इकडे घेऊन ये. पण डोसचं विचारशील, तर माझाही अंदाज तुझ्यासारखाच.”

मग मी खिडकीकडे तक्रार केली. उत्तर लगेच आलं, कारण ते यंत्रानेच दिलं होतं. शब्द एकही नव्हता, नुसतं एक चित्र. अंतराळातून काढलेला रात्रीचा नकाशा होता. काळ्या जमिनीवर आमचा चौकोन सोलापूरच्या एखाद्या गजबजलेल्या पेठेसारखा उजळून निघाला होता.

त्याचा अर्थ लागला तशी मी खुर्चीत मागे टेकले. रात्रीच्या दिव्यांवरून एखाद्या भागाची मिळकत ताडायची पद्धत जुनी आहे. जिथे कारखाने, दुकानं, रस्ते, तिथे उजेड. जिथे काही नाही तिथे काळोख. माणसं पाठवून घरोघर विचारण्यापेक्षा वरून एक उपग्रह फिरवला की काम झालं. आमच्यावरून तो सूर्य मावळल्यावर दोनेक तासांनी जायचा, आठवडाभराच्या उजेडाची सरासरी काढायचा आणि ठरावीक रेषेच्या वर गेलात की खिडकी आपोआप बंद. मी चित्र मोठं करून पाहिलं. उजेड घरांचा नव्हताच. त्याच्या सरळ, समांतर ओळी होत्या. त्या ओळी मी ओळखल्या, कारण त्यांतल्या निम्म्या माझ्या भावाच्या होत्या.

संध्याकाळी मी शेतावर गेले. चन्नाप्पा अण्णा, माझा थोरला भाऊ, बांधावर उभा राहून ड्रॅगन फ्रूटच्या ओळींकडे बघत होता. आमच्या माळावर पाणी नाही, पण या निवडुंगाला ते फारसं लागतही नाही. हे पीक गावात अण्णानेच आणलं, आणि हिवाळ्यात त्याला दिवे लावायची युक्तीही त्यानेच. ड्रॅगनला फुलं येतात ती उन्हाळ्या-पावसाळ्यात, रात्री लहान असतात तेव्हा. हिवाळ्यात रात्र लांबली की तो गप्प बसतो. ओळींवर दिवे टांगून रात्र तोडली की त्याला उन्हाळाच वाटतो, बिगरमोसमी कळी धरते, आणि तेव्हाच त्याला भाव असतो. दोन हिवाळ्यांत सगळ्या माळाने अण्णाचं बघून दिवे टांगले होते.

मी पोचले तेव्हा वहिनी बटणाच्या पेटीपाशी उभी होती. तिने पदर डोक्यावर घेतला, बटण दाबलं, आणि ओळीमागून ओळ लाल-पिवळी उजळत गेली. तिने हात जोडले. शेजारच्या शेतातही तेच झालं, त्याच्या पलीकडेही तेच. दिवेलागणीची वेळ होती. आमच्याकडे तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवत नाहीत, लक्ष्मी दारावरून परत जाते म्हणतात. शेतातले दिवेही मग त्याच वेळेला लागायचे. दुसऱ्या कुठल्या वेळेला लावावेत, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अण्णाला मी नकाशा दाखवला. त्याच्या चेहऱ्यावर आधी थोडं कौतुक उमटलं, ते मी पाहिलं.

“एवढं दिसतंय होय वरून?”

“दिसतंय म्हणूनच बंद झालं. हे दिवे आहेत तोवर वहिनीचा लेख उघडत नाही.”

कौतुक गेलं. “माझं आजच विझवतो. कळ्या गेल्या तर जाऊ देत.”

“तुझ्या एकट्याच्या विझवून भागणार नाही, अण्णा. अख्खा चौकोन खाली यायला पाहिजे.”

“सगळ्यांना सांगू? या दिवसांत?” तो खाली बघत म्हणाला. “लोकांना दिवे लावा म्हणून मीच दारोदार फिरलोय, नीला. आता विझवा म्हणून कुठल्या तोंडानं जाऊ?”

तरी तो गेला. दुसऱ्या दिवशी मठाच्या ओट्यावर सगळे बागायतदार जमले. मी नकाशा दाखवला, लेखाचं सांगितलं. माणसं वाईट नव्हती. कुणी म्हणालं, आपण पैसे गोळा करू. मी सांगितलं की एक लेख सुटा मिळत नाही, अख्खा गठ्ठा घ्यावा लागतो, गाव विकलं तरी भागायचं नाही. शेवटी रेवणसिद्ध तात्या बोलले. त्यांच्या ओळी अण्णाच्या खालोखाल मोठ्या, आणि दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चाललेली. त्यांचाही लेख त्या खिडकीतूनच यायचा.

“डॉक्टरीणबाई, माझं औषधबी तिथनंच येतंय, ठाऊक हाय मला. पण आत्ता कळी धरायचा महिना. दिवं विझवलं तर वर्ष गेलं. मी एकटा मेलो तर एकटा मरतोय, बाग गेली तर घर बसतंय.”

मागे बायकांत बसलेली गिरिजावहिनी उठली. आवाज खोल गेला होता, तरी शांततेत सगळ्यांना ऐकू आला.

“तात्या बरोबर बोलतायत. माझ्यापायी तिन्हीसांजेला शिवारात अंधार करायचा न्हाई. मला ते चालायचं न्हाई.”

मला तिचा राग आला. तिला वाचवायला आम्ही एवढा खटाटोप करत होतो आणि ही मध्येच असं बोलून मोकळी. घरी येऊन मी तिच्याशी भांडले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “भांड. मला उत्तर द्यायला दम लागतो, म्हणून आज तू जिंकशील.”

पुढच्या मंगळवारी तिची पापणी निम्मी मिटली होती. भाकरी घशात अडली म्हणाली. मी डोस वाढवला. अंदाजाने वाढवला. त्याच्या पुढच्या मंगळवारी ती बोलली ते मला दोनदा विचारावं लागलं. मी आणखी थोडा वाढवला.

त्या दिवशी दुपारी जेवण जाईना म्हणून मी शेताकडे चालत गेले आणि एका वेलापाशी बसून राहिले. सवय अशी, की माणूस समजेना तर निदान झाड समजून घ्यावं. या निवडुंगाला दिवा नेमका कशासाठी हवा असतो? उजेड खायला म्हणावा, तर तेवढ्या दिव्यात काही पोट भरत नाही. बारावीचं जीवशास्त्र आठवू लागले. वनस्पती दिवस मोजत नाहीत, त्या रात्र मोजतात. त्यांच्यात एक रंगद्रव्य असतं. उजेड पडला की ते एका रूपात जातं आणि अंधारात सावकाश परत फिरतं. ते पुरतं परत फिरलं तर झाडाला कळतं, रात्र लांब होती, हिवाळा आहे. अंधार मध्येच तोडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे अंधार कुठेतरी तुटायला हवा. तो तिन्हीसांजेलाच तुटायला हवा असं कुठे होतं?

मी उठून जवळजवळ पळतच अण्णाकडे गेले.

“दिवे रात्री अकराला लावले तर?”

“अकराला? का?”

“रोपाला वेळेशी देणंघेणं नाही. लांब अंधाराचे दोन तुकडे झाले की पुरे. आणि मधोमध तुटला तर उलट कमी वेळ दिवा लागेल. उपग्रह तोवर निघून गेलेला असेल.”

अण्णाने कपाळावर हात मारला. “दिवं विकणाऱ्यानं कुठलीबी वेळ धरा म्हणून सांगितलं होतं. आम्हीच दिवेलागणीची धरली. सगळ्यांनीच.” मग हसायला लागला. “रोपाला कुणी विचारलंच न्हाई की.”

यावेळी ओट्यावर कुणी हरकत घेतली नाही. वीज वाचते म्हटल्यावर तात्यांनी सगळ्यांत आधी मान डोलावली. वहिनीची समजूत मी घातली. उंबऱ्यातला दिवा तिन्हीसांजेलाच लागेल, शेतातला तेवढा झोपून उठेल. ती म्हणाली, लक्ष्मी घराच्या दारात येते, ड्रॅगनच्या बांधावर येत असल्याचं तिने तरी ऐकलं नाही.

आठवडाभर माळावर संध्याकाळी काळोख राहिला. मी रोज खिडकी उघडून बघायची, रोज अभिनंदन. वहिनी आता पेज पीत होती, तीही मान धरून. अण्णाने मिरजेला जायला गाडी सांगून ठेवली होती. आठव्या दिवशी सकाळी खिडकीने कळवलं की आपला परिसर संपन्न राहिलेला नाही, त्याबद्दल खेद वाटतो. मी त्या खेदाला मनापासून नमस्कार केला.

वहिनीचे आकडे घातले. लेखाने थोडा वेळ घेतला आणि डोस सांगितला. तो मी देत होते त्याच्या निम्म्याहून कमी होता. औषध कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं. दोन आठवडे मी तिला माझ्या हातांनी खाली ढकलत होते. हे मी तिला सांगितलं तेव्हा मला रडू आलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला त्राण नव्हतंच.

महिन्याभरात ती भाकरीवर आली. अण्णाच्या बागेत कळी धरली, मागच्या हिवाळ्यापेक्षा उजवी. आणि युक्ती काही बोरहट्टीत राहिली नाही. अण्णाच्या मेव्हण्याने ती पलीकडच्या गावाला सांगितली, तिथल्या डॉक्टरने विजापूरच्या डॉक्टरला. शेवंतीचे मळेवाले, रात्री दिवे लावून कोंबड्या पाळणारे, सगळे आपापले दिवे पुढे ढकलू लागले. माझ्या कानावर असंही आलं की शहराकडच्या एका बड्या खाजगी रुग्णालयाने संध्याकाळी तासभर बाहेरचे दिवे मालवून खिडकी मिळवली. तेव्हा मात्र माझं मन खट्टू झालं.

मग खिडकीकडून पडताळणीचा फोन आला, तोही मंगळवारी. पडद्यावर पन्नाशीची एक काळीसावळी बाई होती, रोझ अतिएनो नावाची, केनियातल्या किसुमूची. ती तिच्या भाषेत बोलायची आणि यंत्र ते मराठीत सांगायचं, एखाद्या जुन्या नाटकातल्या राजासारखं.

“वैद्यमहोदये, आपल्या परिसरात सायंकाळी गाढ अंधकार आणि मध्यरात्री प्रखर प्रकाश आढळून येतो. आम्ही दुसऱ्या उपग्रहाद्वारे पाहिले आहे. कृपया कारण कथन करावे.”

उत्तर मी तयार ठेवलं होतं. संध्याकाळी भारनियमन असतं, वीज रात्रीच येते. आमच्या भागात यावर कुणीही विश्वास ठेवला असता. मी घसा साफ केला आणि म्हणाले, “त्याचं असं आहे, आमच्याकडे विजेची जरा–”

“खोटं कशाला सांगतीस गं?” शेजारी बाही वर करून बसलेली वहिनी म्हणाली. मग पडद्याकडे वळली. “बाई, दिवं मी लावते. तुमचं यंत्र वरनं जाईपर्यंत थांबते आणि मग लावते. सगळा गाव तसंच करतो. तुम्हाला दिसू नये म्हणूनच.”

यंत्राने हे सगळं तसल्याच राजेशाही थाटात पलीकडे पोचवलं असणार, कारण तिकडच्या बाईच्या भुवया वर गेल्या. मी डोळे मिटून घेतले. सगळं संपलं होतं.

“सत्यकथनाबद्दल आभार,” यंत्र म्हणालं. “नियमानुसार महिनाअखेरीस खिडकी बंद करावी लागेल. मला व्यक्तिशः दुःख होत आहे. माझ्या मातेच्या दवाखान्याचीही खिडकी अशीच बंद झाली होती. आमच्या सरोवरात कोळी रात्री दिवे लावून मासे धरतात.”

“मग तुम्हाला कळतंय की,” वहिनी म्हणाली. “एक विचारू? माझं रक्त त्या लेखात जातंय म्हणती ही. अजून तिथंच हाय का?”

रोझबाईने काहीतरी तपासलं. “आहे. आपल्यासारखे रुग्ण फार थोडे आहेत. आपले आकडे काढून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.”

“काढले तर काय हुईल?”

“लेख तेवढा अंध होईल. बोलिव्हिया देशात एक स्त्री आहे. नाव मला दिसत नाही. तिची मात्रा सध्या मुख्यत्वे आपल्या आकड्यांवरून निश्चित होते.”

“तिला गिळता येतंय?”

“गेल्या महिन्यापासून येते.”

मला वाटलं, तिने काढून घ्यावेत. मला खरंच तसं वाटलं. आमचं दार बंद करता काय, मग आमचं रक्त परत करा.

“राहू देत,” वहिनी म्हणाली. “काढू नका. पण बाई, मला समजावून सांगा. ती माझ्या रक्तावर जेवती हे चांगलंच झालं. मग माझ्यासाठीच तेवढं दार का बंद?”

यंत्राने भाषांतर केलं. रोझबाई पडद्याबाहेर बघत होती. मग तिने चष्मा लावला आणि बराच वेळ काहीतरी वाचत राहिली. मी विचारलं, काय शोधताय? ती म्हणाली, कर्त्यांचा नियम.

तो नियम प्राध्यापकांसाठी केलेला होता. एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला स्वतःचाच लेख बंद होऊ नये म्हणून. लेखाच्या कर्त्याला त्याचा लेख कुठूनही, कधीही, विनावर्गणी उघडला पाहिजे. आता चालत्या लेखाचा कर्ता कोण, याची व्याख्या करताना प्रकाशकांनी मोठा काटेकोरपणा केला होता. लेखातून एकाचं योगदान काढून बघायचं. निष्कर्ष बदलला, तर तो कर्ता. हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा असणार. रुग्ण धरायचा नाही, असं मात्र त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं.

“काढून पाहू या का?” रोझबाईने विचारलं. यंत्राच्या त्या भाषेतही तिच्या आवाजातली उत्सुकता कळत होती. “केवळ क्षणभर. ती स्त्री सुरक्षित राहील, मी प्रतीवर पाहते.”

आम्ही तिघीही पडद्याकडे टक लावून बसलो. वहिनीचे आकडे वगळून लेख पुन्हा चालला. या प्रकारच्या रुग्णांसाठीची डोसची रेषा आधी तिथेच राहिली, मग हळूहळू वर सरकली आणि मी चुकून देत होते त्या डोसपाशी जाऊन थांबली. वहिनी नसती, तर लेखही माझ्यासारखाच चुकला असता.

रोझबाईने चष्मा काढला. तिने काहीतरी टंकलं. लेखाच्या माथ्यावर नऊ प्राध्यापकांची नावं होती. त्यांच्याखाली दहावं उमटलं. गिरिजा चन्नाप्पा पट्टणशेट्टी, बोरहट्टी.

“हे काय?” वहिनीने विचारलं.

“हा लेख तुझाही आहे, असं लिहिलंय.”

“मी काय केलंय?”

“आजारी पडलीस,” मी म्हणाले. “आणि दर मंगळवारी आलीस.”

महिनाअखेरीस खिडकी बंद झाली, सांगितल्याप्रमाणे. रोझबाईने शब्द पाळला, दोन्ही बाजूंनी. आता माझ्या पडद्यावर एकही लेख उघडत नाही. वहिनी अंगठा टेकवते तेव्हा तिचा तेवढा उघडतो, आणि मी मागे उभी राहून वाचते. डोस बघून झाला की ती म्हणते, “बघितलंस का? मग बंद करू?” तिला या अधिकाराची मजा वाटू लागली आहे.

पण वहिनीचा लेख म्हणजे एकच लेख. बाकीच्यांचं काय, या विचाराने मला चैन पडत नव्हतं. मग लक्षात आलं की खिडकी बंद असली तरी एक प्रश्न विचारायला वर्गणी लागत नाही. तो रुग्णाचा हक्कच आहे: माझे आकडे वगळले, तर तुमचं काय बदलतं?

परवा तात्या आले. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. बाकावर बसत म्हणाले, “खिडकी गेली म्हणं. मग आता कशाला बोलावलंस?”

“तुमचं रक्त चार वर्षं त्या लेखात जातंय, तात्या.”

“मग मी काय करायचं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “बाही वर करा. तुमच्यावाचून त्यांचं किती अडतं, ते बघू या.”